‘पूर्वापार’ नावाची थाप : सावित्रीकाठच्या महाडचा इतिहास आणि आपण

महाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच तारीख उभी राहते, २० मार्च १९२७. दरवर्षी त्या दिवशी निळे झेंडे घेतलेल्या गाड्या महाडमध्ये शिरतात, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते, क्रांतिस्तंभाजवळ घोषणा होतात आणि रात्री गर्दी ओसरते. दुसऱ्या दिवशी महाड पुन्हा बाजाराचे गाव होते. आम्ही तरुणांची शिबिरे घेतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. बाबासाहेबांनी महाडच का निवडले? पुणे का नाही, नाशिक का नाही, मुंबईचीच एखादी विहीर का नाही? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तारीख पाठ आहे, पण गाव ठाऊक नाही.

हे चालण्यासारखे नाही. कारण आपल्या विरोधकांनी महाडची लढाई ‘गावाच्या इतिहासा’च्या नावानेच लढवली होती. त्यांचे मुख्य शस्त्र लाठी नव्हते, एक शब्द होता : ‘पूर्वापार’. पूर्वापार असेच चालत आले आहे, अनादिकाळापासून तळे आमचेच आहे, तुम्ही आज येऊन रीत मोडता. हा शब्द दंगलीत वापरला गेला, नगरपालिकेत वापरला गेला आणि शेवटी मुंबई हायकोर्टापर्यंत नेला गेला. म्हणून आम्ही या लेखात एवढेच तपासणार आहोत की सावित्रीकाठच्या या छोट्या गावात पूर्वापार नेमके काय होते?

नदीचे गाव, पाण्याचा प्रश्न

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्री उतरून ती महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते आणि पुढे दासगाववरून वाहत ती बाणकोट आणि हरिहरेश्वरच्या मधून अरबी समुद्राला मिळते. समुद्राच्या भरतीचा जोर खाडीतून थेट महाडपर्यंत चढतो. म्हणूनच पूर्वी गलबते महाडपर्यंत माल आणू शकत. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रातून येणारा माल यांची गाठ पडण्याची ही जागा. रायगड किल्ला जवळ असल्याने शिवकाळात या बाजारपेठेला आणखी महत्त्व आले. १७९६ मध्ये नाना फडणवीस पुण्यातून निघून महाडला येऊन राहिले आणि १८०२ मध्ये होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पळाला तोही महाडलाच. घाट आणि समुद्र दोन्हींकडे वाट असलेले गाव असे ते होते.

“नदी होती ना, मग तळ्याचाच हट्ट का?” असा खवचट प्रश्न आजही समाजमाध्यमांवर विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर भूगोलाचे आहे. जिथे भरतीचे पाणी चढते तिथल्या नदीचे पाणी उन्हाळ्यात पिण्याच्या कामाचे राहत नाही. कोकणात पाऊस उदंड, पण तो चार महिने. फाल्गुन-चैत्रात पाणी म्हणजे विहीर आणि तळे. विहिरी कोणाच्या? वरच्या जातींच्या. आणि तळ्याभोवती घरे कोणाची? त्यांचीच. दुसरे उत्तर बाबासाहेबांनीच डिसेंबर १९२७ च्या परिषदेत दिले आहे. आपण तळ्यावर केवळ पाणी पिण्यासाठी जात नाही, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दोन्ही उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत. तहान खरी होती आणि अपमानही खरा होता.

गावाचा सर्वात जुना कागद दगडावर आहे

आता ‘पूर्वापार’कडे वळू. मुंबई-गोवा महामार्गाने महाडला येताना गावाच्या जरा अलीकडे डोंगरात लेणी दिसतात. ही गांधारपाले लेणी, सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह. चैत्यगृहे आहेत, भिक्षूंच्या निवासाचे विहार आहेत, स्तूप आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले हे काम. सावित्री-गांधारीच्या संगमाकडे पाहत ही लेणी उभी आहेत आणि त्यांचे कारणही नदीतच आहे. बंदर होते म्हणून व्यापारी होते, व्यापारी होते म्हणून दान होते, आणि दान होते म्हणून संघ इथे वर्षावासाला राहू शकत होता. सावित्रीपलीकडे कोल येथेही लेणी आहेत. म्हणजे हा एखाद्या एकट्या राजाचा छंद नव्हता, या खोऱ्यात धम्म रुजला होता.

या लेण्यांत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक शिलालेख आहे. कानभोअ विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दान कशाचे? एक लेणे, एक चैत्यगृह, राहण्यासाठी आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढी आणि लेण्याला जोडलेली वाट. शेवटी म्हटले आहे की हा कुमाराचा देयधम्म आहे.

मित्रहो, हे पुन्हा एकदा वाचा. महाड परिसराच्या या सर्वात जुन्या लेखांपैकी एका लेखात पाण्याची दोन टाकी आणि एक वाट दान दिल्याची नोंद आहे! पाणी वाटून देण्याची नोंद आहे, अडवण्याची नाही. वाट करून देण्याची नोंद आहे, बंद करण्याची नाही. कोणी कोणत्या जातीचा असावा अशी अट त्या दगडावर कोरलेली नाही. बुद्धाच्या संघात प्रवेश घेताना जात गळून पडते, जशा नद्या समुद्राला मिळाल्यावर त्यांची नावे उरत नाहीत, हे धम्माचे तत्त्व आपल्याला माहीत आहे.

म्हणून महाडमध्ये कोणी ‘पूर्वापार’ म्हटले तर आपण विचारायचे, कोणत्या पूर्वीपासून? तुमची पूर्वी सुरू कुठे होते? शे-दोनशे वर्षांपूर्वी? मग त्याआधी दीड हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात पाण्याची पोढी आणि वाट दान दिली जात होती, ती पूर्वी मोजायची की नाही? इतिहास सोयीच्या पानावर उघडायचा आणि तिथेच बंद करायचा, ही मनुवादी खोड आहे.

पलटणीचे पेन्शनर : जिथे चळवळीची पहिली ठिणगी पडली

आता चळवळीच्या मुळांकडे येऊ. १७५६ मध्ये बाणकोट आणि त्याभोवतीची काही गावे इंग्रजांच्या ताब्यात आली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातल्या महारांची मोठी भरती झाली. पलटणीत शिस्त मिळाली, रोख पगार मिळाला, पेन्शन मिळाली आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे अक्षर मिळाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे हे बाणकोट खाडीच्या दक्षिणेला मंडणगड तालुक्यात आहे, म्हणजे याच नदीच्या प्रदेशात.

महाडपासून पाच मैलांवरचे दासगाव हे बंदर. पलटणीतून निवृत्त झालेले अनेक महार पेन्शनर या भागात येऊन राहिले. त्यांतले एक गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता, ‘दीनबंधू’त ते लिहीत. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अस्पृश्यता ही धर्माची आज्ञा कशी, कोणत्या आधाराने, असे प्रश्न त्यांनी धर्मपंडितांना छापून विचारले. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संघटना उभी केली. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणे मानवले नाही. १९०० मध्ये गोपाळबाबांचे निधन झाले.

तारखा जुळवून पाहा. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. ते चार वर्षांचे होते तेव्हा महाडच्या सार्वजनिक संस्थेत एका महार माणसाच्या बसण्यावरून गदारोळ झाला होता. म्हणजे १९२७ साली महाडमध्ये आभाळातून वीज पडली नाही. चाळीस वर्षे जमीन नांगरली जात होती.

बाजारात आलेल्या माणसाने पाणी कुठे प्यायचे?

दुसरे नाव रामचंद्र बाबाजी मोरे यांचे. जन्म १९०३, महाडजवळचे लाडवली. हुशार मुलगा, शिष्यवृत्ती मिळवलेली, पण महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. लहान वयात त्यांनी याविरुद्ध वृत्तपत्रात पत्र लिहवून आणले आणि प्रवेश मिळवला. प्रवेश मिळाला तरी बसायचे वर्गाबाहेर.

मोरे यांच्या आठवणींतून गावाचे एक चित्र मिळते, ते अधिकृत इतिहासात मिळत नाही. महाड हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतून माणसे डोक्यावर लाकूडफाटा, गवत, कोंबड्या घेऊन मैलोन्‌मैल चालत येत. त्यांत महार असत, चांभार असत. यांचा माल बाजाराला चाले. यांचा घाम बाजाराला चाले. पण घोटभर पाणी मागितले तर बाजार विटाळे. याच गरजेतून मोरे यांच्या पुढाकाराने महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान निघाले. खेड्यांतून आलेला माणूस तिथे टेकू लागला, पाणी पिऊ लागला, चार गावांच्या बातम्या ऐकू लागला. सभा भरवायला मांडव नसेल तर चहाचे दुकान पुरते. समाजशास्त्राच्या पुस्तकात ज्याला सार्वजनिक अवकाश म्हणतात, तो आपल्या लोकांनी स्वतः पदरमोड करून असा उभा केला आहे.

१९२४ मध्ये मोरे बाबासाहेबांना भेटले आणि महाडला परिषद घेण्याची विनंती केली. परिषद भरली १९२७ मध्ये. मधली तीन वर्षे गावोगाव बैठका, वर्गणी, पेन्शनरांची जुळवाजुळव यांत गेली. ज्यांना चळवळ म्हणजे एका नेत्याचे भाषण वाटते त्यांनी ही तीन वर्षे नीट लक्षात ठेवावीत.

ठराव कागदावर, पाणी तळ्यात

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे होती. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण ठराव झाल्यावर किती अस्पृश्य तळ्यावर गेले? कोणीच नाही. जाणार कसे? तळ्याच्या चारही बाजूंना सवर्णांची घरे, मधे रस्ता आणि रस्त्यावर त्यांची नजर. ठराव हा हक्काचा कागद असतो, हक्क नसतो. हे वाक्य आजच्या आरक्षणाच्या जागांपासून ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीपर्यंत सगळीकडे लावून पाहा.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खेड्याखेड्यांतून काही हजार माणसे आली, हातात काठ्या, पाठीवर भाकरी. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे! गावात तळे भरलेले आणि पाण्याला चाळीस रुपये! मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, उष्टे मागू नका, मुलांना शिकवा, हा या परिषदेचा संदेश होता. दुसऱ्या दिवशी अनंत विनायक चित्रे यांनी सूचना मांडली की नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आत्ताच जाऊन पाणी पिऊ. चार-चारच्या रांगेने मिरवणूक बाजारातून तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. मागून सर्वांनी घेतले. नगरपालिकेच्या तीन वर्षे जुन्या ठरावाची त्या दिवशी पहिल्यांदा अंमलबजावणी झाली आणि ती नगरपालिकेने नव्हे, आपल्या लोकांनी केली.

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली. मांडवात जेवत असलेल्या, गावाकडे परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. बायका-मुलेही सुटली नाहीत. अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेब प्रवासी बंगल्यात होते, त्यांनी हात उगारू नका असे आपल्या माणसांना बजावले. त्या गर्दीत पलटणीत लढलेले पेन्शनर होते. त्यांना लढता येत नव्हते म्हणून ते थांबले नाहीत, त्यांना शिस्त होती म्हणून थांबले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आणि तळ्याचे काय केले? शेण, गोमूत्र, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते, हे त्या ‘पूर्वापार’ धर्माचे शास्त्र! ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठरावही मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी.

डिसेंबर : जमीन कोणी दिली, मनाई कोणी आणली

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेला गावात जागा मिळेना. जागा दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. बाबासाहेब आणि सोबतचे प्रतिनिधी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावला उतरले. पेन्शनरांचे तेच दासगाव. तिथे हजारो माणसे वाट पाहत उभी होती आणि ती पायी महाडला आली.

२५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्यात गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण असलेले सहकारी पुढे होते. टिपणीस आणि चित्रे हे कायस्थ प्रभू. ही नावे आम्ही मुद्दाम घेतो. आपली लढाई ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नाही, हे महाडने कृतीतून दाखवले. पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट ठेवू. चार सुधारक सवर्णांच्या उपकारामुळे महाड घडले असे जे मांडले जाते ते खोटे आहे. ते सोबती होते. चालली ती खेड्यांतली माणसे, मार खाल्ला त्यांनी, आणि गावी परतल्यावर बहिष्कारही त्यांनीच भोगला.

तळ्याचा सत्याग्रह मात्र कोर्टाच्या हुकुमामुळे पुढे ढकलला गेला. लोक चिडले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून शिस्तीत परत आली. याच मुक्कामात बाबासाहेब महिलांसमोर वेगळे बोलले, त्यांनी नेसण्याची पद्धत बदलावी, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकावेत, मुलींना शिकवावे असे त्यांनी सांगितले. तळ्याचा प्रश्न कोर्टात थांबला, पण घरातला प्रश्न त्याच दिवशी सुटायला लागला.

‘पूर्वापार’ कोर्टात हरले

आता मुख्य मुद्दा. फिर्यादींचे म्हणणे काय होते? तळ्यावर स्पृश्यांचाच हक्क आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची वहिवाट अनादिकाळापासून आहे. कायद्यात रूढीला मान होता, पण रूढी सिद्ध करायची तर ती अतिप्राचीन आहे हे दाखवावे लागे. म्हणजे कोर्टात खटला पाण्याचा नव्हता, इतिहासाचा होता.

महाडच्या कोर्टात फिर्यादी हरले. अपिलात ठाण्याला हरले. मग मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, भोवती नगरपालिकेचे रस्ते, मुसलमानांना तिथे मज्जाव नाही. अस्पृश्य बऱ्याच काळापासून तिथे पाणी भरत नव्हते हे खरे धरले तरी ही वहिवाट अनादिकाळची आहे हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, असा निकालाचा गाभा आहे.

दहा वर्षे लागली. दहा वर्षे एका तळ्यासाठी! पण त्यातून एक गोष्ट कायमची नोंदली गेली. ‘पूर्वापार’ म्हणणाऱ्यांना पुरावा मागितला तेव्हा त्यांच्या हाती पुरावा नव्हता.

या निकालाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे हायकोर्टाने म्हटले नाही. रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर? तर कदाचित ती टिकलीही असती. म्हणजे तोवरच्या कायद्यात जुनेपणा हाच हक्क होता. बाबासाहेबांनी हे दहा वर्षे स्वतः प्रतिवादी म्हणून अनुभवले. पुढे संविधानात काय आले ते पाहा. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द नावानिशी आले. आणि अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश झाला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी कितीही जुनी असली तरी रद्द. आता तिचे वय विचारायचेच कारण नाही. चवदार तळ्याचे पाणी या कलमांपर्यंत पोहोचले आहे असे आम्ही म्हणतो ते भावनेने नाही, या क्रमाने म्हणतो.

त्याच १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. टिपणीस आणि चित्रे त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षात होते. कोकणातला कुणबी, आगरी, महार कुळवाडी खोताच्या जाचाखाली एकत्र येऊ शकतो हे त्या वर्षांत दिसले. पाण्याच्या लढाईतून जमिनीची लढाई उभी राहिली. महाडच्या इतिहासाचे हे पान आपल्या मार्चच्या भाषणांत फारसे येत नाही, ते यायला हवे.

गावात मात्र तो शब्द जिवंत आहे

आजचे महाड वेगळे आहे. औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले, रोजगार आला आणि सांडपाण्याचा प्रश्नही आला. त्याचा फटका पहिल्यांदा खाडीवर जाळे टाकून जगणाऱ्यांना बसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई इथे दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले आणि तालुक्यातली तळिये वाडी दरडीखाली गाडली गेली. नदी जात पाहून शिरत नाही हे खरे. पण पाणी ओसरल्यावर कोण किती दिवसांत उभा राहतो, यात जात आणि वर्ग दोन्ही दिसतात. ज्याच्याकडे पक्के घर, विमा, दुकानाची कागदपत्रे त्याचे पंचनामे लवकर होतात. ज्याची चूल भाड्याच्या खोलीत, त्याच्या नुकसानीला कागदच नसतो. पूरग्रस्त भागांत मदतीचे काम करताना आम्ही हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आणि कोकणातल्या खेड्यांत ‘पूर्वापार’ हा शब्द अजून खणखणीत वाजतो. बौद्धवाडी गावाच्या टोकाला का? पूर्वापार. स्मशानशेड वेगळी का? पूर्वापार. शिमग्याच्या पालखीत मान कोणाचा, गावकीच्या बैठकीत कोण बसणार, वाडीकडे जाणारी पायवाट कोणाच्या जमिनीतून, या सगळ्याला एकच उत्तर. त्या पायवाटेचा सातबारा तपासायला आपले लोक जातात तेव्हा कळते की पूर्वापार म्हणून सांगितलेली गोष्ट एखाद्या पिढीपूर्वीची आहे. कोर्टात १९३७ मध्ये हरलेला शब्द गावकीत अजून हरलेला नाही. त्याला हरवायचे असेल तर घोषणा पुरणार नाहीत, कागद लागतील.

शताब्दीला काय करायचे?

२०२७ हे महाडच्या दोन्ही परिषदांचे शताब्दी वर्ष. मोठे मंच उभे राहतील, मोठे नेते येतील, पुष्पवृष्टी होईल. होऊ द्या. पण आमचे म्हणणे असे की शताब्दीचे खरे काम मंचाखाली आहे.

महाड, पोलादपूर, माणगाव, मंडणगड, म्हसळा या पट्ट्यातल्या प्रत्येक बौद्धवाडीने आपला इतिहास लिहून काढावा. कोणाचे आजोबा-पणजोबा परिषदेला चालत गेले, परतल्यावर गावाने काय केले, विहीर कधी खुली झाली, पहिली मुलगी मॅट्रिक कधी झाली, धम्मदीक्षा कोणी कोणासोबत घेतली. ऐंशी-नव्वदीतले आजी-आजोबा अजून आहेत. ते गेले की ही दफ्तरे बंद होतील. पलटणीची पेन्शनबुके, जुन्या वर्गणीच्या पावत्या, मुंबईच्या चाळींतल्या ग्राममंडळांच्या वह्या जपून ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. १९३७ चा निकाल सोप्या मराठीत प्रत्येक वाचनालयात असू द्या. आणि २० मार्चला महाडला येणाऱ्या प्रत्येक गाडीने जाता-येता गांधारपालेला थांबावे. मुलांना त्या दोन पोढी दाखवाव्यात आणि सांगावे की आपल्या गावाची खरी जुनी रीत ही आहे.

आम्हाला काहीजण म्हणतात, जुने उकरून काय मिळणार, आता पुढे पाहा. आम्ही विचारतो, जुने उकरले कोणी? ‘अनादिकाळ’ म्हणत कोर्टात गेले ते. आपण फक्त त्यांना तारीख विचारली. ज्या समाजाकडे आपल्या गावाच्या तारखा असतात त्याला कोणी पूर्वापार म्हणून फसवू शकत नाही.

पाण्याची वाट मोकळी होती. मधे कोणीतरी ती अडवली. १९२७ मध्ये ती मोकळी झाली. आता ती वाट आपल्या नावाने, आपल्या हाताने नोंदवून ठेवणे एवढे काम उरले आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!